औषधाचे रिकामे डबे घरात नकोत

कीटकनाशकाचा प्लॅस्टिकचा डबा रिकामा झाल्यावर तो धुऊन त्यात गोडेतेल, पाणी किंवा धान्य ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आढळते. ही चाल घातक होय. विषाचा अंश प्लॅस्टिकमध्ये मुरतो. राखेने वा साबणाने घासूनही तो पूर्णपणे जात नाही व पुढे अन्नपाण्यात उतरतो. यास्तव फवारणीचे द्रावण तयार करतानाच डबा तीन वेळा विसळावा व ते पाणी पंपातच ओतावे. नंतर डब्यास भोके पाडावीत, म्हणजे तो कोणी पुन्हा वापरणार नाही. डबा जाळू नये; त्याचा धूरही विषारी असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे अशी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. गावकार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघर, विशेषतः स्त्रियांस, समजावून द्यावी.