घरची भेंडी आणि तिची तार

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात मृगाच्या पावसावर टोकलेली भेंडी श्रावणात फळाला लागते आणि पुढे दीड-दोन महिने एक दिवसाआड तोडावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागातली अनेक गावं नव्या जागी, रुंद रस्त्यांची आणि घराभोवती मोकळी जागा राखून वसली. त्या जागेत दहा-वीस झाडं सहज निघतात आणि चार माणसांच्या घराची भाजी भागते. वाचकहो, ही भेंडी बाजारच्या भेंडीपेक्षा चांगली असते, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ती का चांगली, हे विचारलं की मात्र उत्तर येतं, ‘घरची आहे, औषध मारलेलं नाही.’ मला हे उत्तर अपुरं वाटतं. घरच्या भेंडीचं खरं बळ तिच्या कोवळेपणात आणि ताजेपणात आहे. हे बळ टिकवणं पूर्णपणे आपल्या हातात असतं आणि बहुतेक घरांत ते झाडापासून ताटापर्यंतच्या वाटेवर बरंचसं सांडतं.

आधी भेंडीत काय असतं ते पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या भेंडीत नव्वद टक्के पाणी, तीन ते चार ग्रॅम तंतू, वीस-बावीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि साठ मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट असतं. फोलेट गर्भाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी आणि रक्तातल्या तांबड्या पेशींसाठी लागतं. या सगळ्यात इतर हिरव्या भाज्यांपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे भेंडीची तार. गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज अशा शर्करांच्या लांब साखळ्यांनी बनलेला हा पाण्यात विरघळणारा तंतू आहे. तो आतड्यात पाणी धरतो, मळ मऊ ठेवतो आणि जेवणातली साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करतो. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये काही भाज्यांची पित्ताम्लं बांधून ठेवण्याची क्षमता प्रयोगशाळेत मोजली. वांगी, गाजर, फ्लॉवर यांच्या तुलनेत भेंडी पुढे निघाली. पित्ताम्लं मळावाटे बाहेर गेली की नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. हा प्रयोग परीक्षानळीतला आहे, माणसातला नाही, त्यामुळे ‘भेंडी खा, कोलेस्टेरॉल उतरवा’ असा निष्कर्ष मी त्यावरून काढणार नाही. पण जी तार घालवण्यासाठी आपण एवढा आटापिटा करतो, ती फेकून देण्याजोगी नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

पहिलं नुकसान झाडावरच होतं. फूल उमलल्यानंतर चार ते सहा दिवसांत भेंडी बोटाएवढी होते आणि तोडणीला येते. त्यानंतर तिच्या पेशींत लाकडासारखा कठीण भाग साठू लागतो आणि दोन-तीन दिवसांत ती निबर होते. टोक वाकवल्यावर कट्‌कन मोडलं तर भेंडी कोवळी. नुसतं वाकलं तर वेळ टळली. मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही हळद्या रोगाला दाद न देणारी म्हणून काढलेली जात असो की दुकानातलं संकरित बियाणं, हा नियम सगळ्यांना लागू आहे. यावर कोणी म्हणेल, ‘दोन दिवस थांबलं तर भाजी वजनाला जास्त भरते.’ भरते खरी, पण ते वजन चावलं जात नाही, लहान मुलं आणि म्हातारी माणसं ते ताटात बाजूला काढतात. शिवाय बी धरलेली एक भेंडी झाडावर राहिली की झाड आपली ताकद त्या बियांत घालतं आणि पुढची फुलं कमी येतात. बियाण्यासाठी एखादं झाड वेगळं राखा, बाकीची दिवसाआड तोडा. तोडणी सकाळी करा, देठ ठेवून कापा आणि लवेनं अंगाला खाज येत असेल तर लांब बाह्यांचे कपडे घाला.

आता ‘औषध मारलेलं नाही’ या समजाकडे वळतो. तो अर्धाच खरा आहे. तुम्ही स्वतः फवारलं नसेल, पण शेजारच्या सोयाबीनवर किंवा तुरीवर वाऱ्याच्या दिवशी फवारणी झाली की तुषार परसात येतात. बांधावर लावलेल्या भेंडीची तर त्यातून सुटका नाहीच. तुडतुडे आणि पांढरी माशी आली म्हणून शेतातल्या पंपातलं उरलेलं औषध परसातल्या चार झाडांवर मारलं जातं, हेही गावोगाव चालतं. भेंडी दिवसाआड तोडायचं पीक आहे. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं जे अंतर लिहिलेलं असतं, ते इथं पाळलं जाणं अवघड. म्हणून खायच्या भेंडीवर शेतातलं उरलेलं औषध कधीही मारू नका. शेजारी फवारणी झाली असेल तर त्या दिवसाची तोडणी सोडून द्या. वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळून धुतल्यानं वरची धूळ आणि काही अंश निघतात. झाडात भिनलेलं औषध मात्र कशानंही निघत नाही.

साठवण हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथं चांगल्या हेतूनं चूक होते. भेंडी आणली की धुवायची, पिशवीत घालायची आणि फ्रीजच्या सगळ्यांत थंड कप्प्यात ठेवायची, अशी पद्धत आहे. यातली प्रत्येक पायरी भेंडीला बाधते. ती उष्ण हवेतली भाजी आहे. सात अंश सेल्सिअसच्या खाली काही दिवस राहिली की तिच्यावर खड्डे आणि काळपट, पाणी धरल्यासारखे डाग पडतात, आणि तिथूनच बुरशी शिरते. तिला मानवतं सात ते दहा अंश तापमान आणि दमट हवा. त्या स्थितीत ती आठवडा-दहा दिवस टिकते. साध्या फ्रीजमध्ये अशी जागा म्हणजे खालचा भाजीचा कप्पा. न धुतलेली, कोरडी भेंडी सुती कापडात गुंडाळून तिथं ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. हवा दमट हवी आणि भेंडी कोरडी, यात विसंगती वाटेल. पण सालीवर साचलेल्या पाण्यात बुरशी वाढते, तर भोवतालच्या दमट हवेमुळे भेंडी सुकत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. धुवायची ती चिरण्याच्या आधी, अख्खी, आणि मग कोरडी पुसून. आदल्या रात्री चिरून ठेवणं तर टाळाच. कापलेल्या कडेतून तार सुटत राहते, क जीवनसत्त्व हवेत नासत जातं आणि जंतूंना वाट मिळते.

‘आमच्याकडे वीज दिवसभर नसते, फ्रीजचं काय सांगता?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तरही जुनं आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९८० च्या दशकात विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू आणि वर ओलं आच्छादन असा विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, एवढंच त्यामागचं तत्त्व. धाराशिवच्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, असा कक्ष बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड राहू शकतो आणि आतली हवाही दमट असते. घरगुती प्रमाणात मोठ्या माठात वाळू, तिच्यात लहान माठ आणि वर ओलं कापड, एवढं पुरतं. पावसाळ्यात हवाच ओली असल्यानं हा उपाय फारसा चालत नाही. तेव्हा सावलीत, वारा लागेल अशा टोपलीत पसरून भेंडी दोन दिवसांत खाऊन टाकावी.

कढईपाशी आलं की तारेशी लढाई सुरू होते. चिरलेली भेंडी पाण्यात धुणं हा त्यातला सर्वांत वाईट उपाय: तार तर वाहून जातेच, फोलेट आणि क जीवनसत्त्वही तिच्याबरोबर जातं. दुसरा उपाय भरपूर तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतण्याचा. तळण्यानं तंतू नाहीसा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं; पण भेंडी तेल पिते. पाव किलो भेंडीत ८० च्या आसपास कॅलरी असतात आणि एका मोठ्या चमच्याच्या तेलात १२०. म्हणजे तीन-चार पळ्या तेलात परतलेल्या भाजीत भेंडीपेक्षा तेलाचीच ऊर्जा कितीतरी जास्त होते. रक्तदाब, मधुमेह आणि वाढतं वजन ज्या घरांत आहे, तिथं हा हिशेब रोज मांडावा लागतो. त्यापेक्षा भेंडी कोरडी करून जरा मोठे तुकडे चिरा, एक-दोन चमचे तेलात मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परता आणि मीठ शेवटी घाला, कारण मीठ आधी पडलं की पाणी सुटतं. उतरवताना दाण्याचं कूट घाला. ताकातली भेंडी किंवा चिंच घातलेली आमटी तर आणखी चांगली: आंबटपणानं तार पातळ होते, जिभेला बुळबुळीत लागत नाही, आणि रस भाकरीबरोबर खाल्ल्यानं तंतू पोटातच जातो. लोखंडी कढईत भेंडी काळपट पडते म्हणून ती टाकून देणारे लोक आहेत. तो भेंडीतल्या द्रव्यांचा लोखंडाशी झालेला संयोग आहे, विष नव्हे.

तारेचं एवढं कौतुक केल्यावर रात्रभर भिजवलेल्या भेंडीच्या पाण्याबद्दल बोलायलाच हवं. मधुमेहींत ते फार बोकाळलं आहे. भेंडीनं उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. औषधाची जागा घेईल असा पुरावा मात्र एकही नाही. उलट बांगलादेशात उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, भेंडीच्या तारेनं साखरेबरोबर मेटफॉर्मिनचं शोषणही कमी केल्याचं दिसलं. उंदरातलं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, तरी हे पाणी आणि गोळी एकत्र घेऊ नका, आणि गोळी स्वतःहून बंद तर मुळीच करू नका. जेवणातली भेंडीची भाजी मधुमेहींनी निर्धास्त खावी. ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांनी आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागल्यानं पोटॅशियमवर बंधन असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी भेंडी सोडायची गरज नाही. एक आठवडा रोज आणि मग महिनाभर नाही, असा चढउतार तेवढा टाळावा.

तरीही भेंडी उरतेच. फ्रीझर असेल आणि वीज भरवशाची असेल तर कोवळी भेंडी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, पुसून गोठवावी. एकदा वितळलेली पुन्हा गोठवू नये. उन्हाळी पिकाच्या चकत्या जाळीखाली कडक उन्हात, मोडल्यावर तुटेपर्यंत वाळवता येतात. क जीवनसत्त्व त्यात बरंच जातं, तंतू मात्र राहतो. बरणीत भरलेल्या चकत्यांवर बुरशीचा ठिपका दिसला तर ती पूर्ण बरणी टाकावी, निवडून खाऊ नये. नुसत्या तेलात बुडवून बरणीत भरलेली भेंडी ठेवू नका. ती आंबट नसते, आणि हवा नसलेल्या तेलात प्राणघातक विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. पण या सगळ्याच्या आधी एक विचार करा. गल्लीत कुठं गरोदर बाई असेल, कुठं एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल, अंगणवाडीत मुलं असतील. जास्तीची कोवळी भेंडी आठ दिवस राखण्यापेक्षा तोडल्या दिवशीच त्यांच्या घरी पोचवा.