खाणीची खरेदी आणि सात दिवसांत पैसे

ऑर्डर मिळाली म्हणजे धंदा झाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्याकडून गणवेशाच्या कापडाची ऑर्डर आली तेव्हा मी घरी मिठाई वाटली होती. माल वेळेवर दिला, बिल लावले आणि मग नऊ महिने त्यांच्या दारात चकरा मारल्या. पैसे बुडाले नाहीत, पूर्ण मिळाले. पण तोवर ज्यांच्याकडून कापड उधार उचलले होते त्यांचे देणे भागवण्यासाठी दुकानातील दुसरा माल मला पडत्या भावाने काढावा लागला होता. नफा राहिला तो वहीत.

मोठ्या खरेदीदाराशी लहान माणसाने व्यवहार कसा करावा, आणि मोठ्याने लहानाला कसे वागवावे, याचा एक मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियातील लोखंडाच्या खाणींत चालला आहे. व्यापारी बांधवांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात पिलबारा नावाचा प्रदेश आहे. पर्थ शहरापासून हजार किलोमीटरहून दूर, तांबड्या मातीचा, उष्ण आणि विरळ वस्तीचा. येथील लोहखनिज चीन, जपान, कोरियाच्या पोलाद कारखान्यांत जाते. रिओ टिंटो, बीएचपी आणि फोर्टेस्क्यू या तेथील तीन मोठ्या कंपन्या. जमीन मात्र हजारो वर्षांपासून तेथील मूळनिवासी जमातींची. 1992 च्या माबो खटल्याच्या निकालाने आणि 1993 च्या कायद्याने त्यांचा पूर्वापार हक्क कोर्टात टिकू लागला. तेव्हापासून खाण काढायची तर त्यांच्याशी बोलणी करणे कंपन्यांना भाग पडले. त्या करारांत मोबदला आला, नोकऱ्या आल्या, आणि हळूहळू तिसरी मागणी पुढे आली: तुमच्या खरेदीत आम्हाला वाटा द्या.

ही मागणी शहाणपणाची होती. मोबदल्याची रक्कम एकदा येते आणि खर्च होते. खाणीची खरेदी मात्र रोज चालते. हजारो कामगार विमानाने येऊन छावणीत राहतात. त्यांचे जेवण, चादरी धुणे, सफाई, रस्ते, मातीकाम, इंधन, वाहने आणि कामाचे कपडे, म्हणजे उन्हात चमकणाऱ्या पट्ट्यांचे भडक नारिंगी-पिवळे शर्ट, हे सारे कोणीतरी पुरवतेच. पूर्वी ते बहुधा दूरच्या शहरांतील बड्या ठेकेदारांकडे जाई.

फोर्टेस्क्यूने 2011 साली जाहीर केले की 2013 अखेरपर्यंत मूळनिवासींच्या धंद्यांना 100 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची कामे देऊ. ते लक्ष्य मुदतीच्या सहा महिने आधीच गाठले गेले. आकडा मोठा आहे, पण मला आकड्यापेक्षा त्यामागील अडचणी जास्त बोलक्या वाटतात.

पहिली अडचण भांडवलाची. मातीकामाचे यंत्र घ्यायचे तर बँक तारण मागते. जमातीची वडिलोपार्जित जमीन साऱ्या समाजाची असते, ती गहाण टाकता येत नाही. म्हणजे हक्क आहे, जमीन आहे, पण बँकेच्या दृष्टीने माणूस रिकाम्या हाताचा. ज्यांच्या घराचे कागद अजून आजोबांच्या नावावर आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. फोर्टेस्क्यूने एएनझेड बँकेबरोबर योजना केली: यंत्रे भाडेकरारावर घेण्यासाठी कंपनी स्वतः जामीन राहील, म्हणजे लहान धंद्याला पैसा मोठ्या कंपनीच्या पतीवर मिळेल. नुसती ऑर्डर देऊन हात झटकण्यापेक्षा हे फार पुढचे पाऊल आहे.

दुसरी अडचण पैसे मिळण्याच्या मुदतीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. बीएचपीने 2020 साली कोविडच्या काळात लहान, स्थानिक आणि मूळनिवासी पुरवठादारांची मुदत 30 दिवसांवरून 7 दिवसांवर आणली. पुढे तीच पद्धत कायम केली. याच कंपनीने 2012 पासून क्वीन्सलँडच्या कोळसा पट्ट्यात सी-रेस या संस्थेमार्फत आजूबाजूच्या गावांतील लहान दुकानदार व कारागिरांकडून खरेदी सुरू केली होती. सात दिवसांत पैसे येणार असतील तर तेवढ्याच भांडवलावर माणूस महिन्यात चार वेळा माल फिरवू शकतो. नव्वद दिवस लागले तर तेच भांडवल वर्षात जेमतेम चारदा फिरते. हा हिशेब कोणीही बोटांवर करावा. दरात पाच टक्के वाढवून घेण्यासाठी आपण तासन्‌तास घासाघीस करतो, आणि मुदतीचा रकाना न वाचता सही करतो.

तिसरी गोष्ट नावाच्या मालकाची. सवलत आली की नकली हक्कदारही येतो. एखाद्या मूळनिवासी माणसाला कागदावर भागीदार करायचे, त्याला चार पैसे द्यायचे आणि ठेका आपण खायचा, असे प्रकार तेथे झाले. म्हणून 2009 साली स्थापन झालेली संस्था, जी आज सप्लाय नेशन नावाने ओळखली जाते, मालकी तपासून धंद्यांची यादी ठेवते. यादीत येण्यास निम्मी मालकी लागते आणि प्रमाणपत्रासाठी 51 टक्के. तरीही तक्रारी संपल्या नाहीत. मालकी कोणाची यापेक्षा चेकवर सही कोणाची, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे भावाच्या, बायकोच्या नावाने फर्म काढणाऱ्यांना हे कळेल.

या कंपन्यांना फार पवित्रही समजू नये. मे 2020 मध्ये रिओ टिंटोने जुकान घळीतील 46,000 वर्षे जुन्या मानवी वावराच्या खुणा असलेले खडक-निवारे स्फोटाने उडवले. ते तेथील जमातीचे पवित्र स्थान होते. कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. करार, मोबदला, खरेदी हे सगळे चालू असताना हे घडले.

आणखी एक धोका एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा. याच राज्यात कूलगार्डी येथे 1892 साली सोने सापडले तेव्हा त्या निर्जल मुलखात पीठ, अवजारे आणि पाणी पोहोचवले ते उंटांच्या काफिल्यांनी. काफिलेवाले होते अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबकडचे मुसलमान. फैज महंमद आणि ताज महंमद या भावांची मोठी पेढी होती. पुढे मोटारलॉरी आली आणि उंटांची तिजारत बसली.

आपल्या देशात 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक आहे, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. आपल्यातील अनेकांना व्याज नको, वेळेवर मुद्दल हवे. पण कायद्याचा वचक कामी येतो. यंत्रमागवाला, शिवणकामवाला, चर्मकाम करणारा कारागीर यांनी उद्यम नोंदणी करून बिलावर तो क्रमांक छापावा. माझ्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला 2021 पासून नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. 45 दिवसांचे संरक्षण त्याला नाही. म्हणून आम्हा कापडवाल्यांनी मुदत ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यावी, आणि पहिली खेप लहान ठेवून तिचे पैसे हातात पडल्यावरच दुसरी गाडीत चढवावी.