कलेक्टर कवा होतूस?

हिमायतनगरात पोरगं पुस्तक घेऊन बसलं की बसस्टँडपासून परमेश्वर मंदिरापर्यंत बातमी जाते. मग भेटेल तो सल्ला देतो. मीही स्पर्धा परीक्षांत बरीच वर्षं काढली, त्यामुळे आता गावातली पोरं माझ्याकडे येतात. त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं थोडं इथं खरवडतो.

१. परीक्षा म्हणजे कलेक्टर.
एमपीएससीची राज्यसेवा आणि यूपीएससी यांतला फरक पारावरच्या माणसाला ठाऊक नसला तर चालतं; अर्ज भरणाऱ्यालाही नसतो, हे अवघड. राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, डीवायएसपी, गटविकास अधिकारी होता येतं. थेट आयएएस व्हायचं तर यूपीएससी. २०२४ च्या यूपीएससीला सुमारे ९ लाख ९३ हजार अर्ज आले, पण पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार. चार लाखांवर लोक पेपरलाच गेले नाहीत. शिफारस झाली १००९ जणांची. जागा थोड्याच आहेत, पण ‘दहा लाखांतून’ ही भीती फुगवलेली आहे.

२. पुण्याला गेल्याशिवाय पोस्ट निघत नाही.
हा सगळ्यांत महागडा गैरसमज. कॉट बेसिसवर खोली, मेस, अभ्यासिका, वरून क्लासची फी. आणि हे सगळं सोयाबीनच्या पट्टीतून. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याची शिवारं पाण्याखाली गेली, म्हणून २८ सप्टेंबरची राज्यसेवा पूर्व परीक्षा आयोगाला ९ नोव्हेंबरवर न्यावी लागली. त्याच पाण्यात कित्येकांच्या मेसचे पैसेही वाहून गेले.

पुण्यात मिळतं ते खोटं नाही: बरोबरीची पोरं, टेस्ट सिरीज, उत्तरं तपासून देणारा माणूस. पण शालेय पाठ्यपुस्तकं आणि लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक वाचायला सदाशिव पेठ कशाला लागते? पहिलं वाचन घरी उरका, आयोगाचे जुने पेपर सोडवा, मग ठरवा. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या प्रशिक्षण योजना आहेत. आपण कुठे बसतो ते आधी बघा. क्लासचं रंगीत पत्रक तोंडपाठ आणि आयोगाचा अभ्यासक्रम उघडलेलाच नाही, अशी पोरं मला दर हंगामात भेटतात.

३. सोळा तास अभ्यास.
खुर्ची गरम राहते, बाकी काही होत नाही. प्रेरणेचंही तसंच. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या यूपीएससीत ३६१ वे आले. त्यांची भाषणं जरूर ऐका. पण रोज ऐकत बसलात तर तो वेळ अभ्यासात धरू नका.

४. सीसॅट काय, नुसता पास व्हायचाय!
राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या या दुसऱ्या पेपरात पास व्हायला २०० पैकी ६६ गुण लागतात, आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. इथं नापास झालात तर पहिला पेपर कितीही चांगला गेलेला असो, उपयोग नाही. कला शाखेची पोरं गणिताच्या धास्तीनं हा पेपर बाजूला ठेवतात. त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. वेळ लावून वाचायची सवय असली की बरंचसं निभतं.

५. एकदा नोट्स काढल्या की झालं.
राज्यसेवेची मुख्य परीक्षा बरीच वर्षं पर्यायांवर टिक करायची होती. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली: लेखी १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. जुन्या नोट्स आहेतच, पण आता हातानं उत्तर लिहावं लागतं, आणि ते रोज लिहिल्याशिवाय जमत नाही. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. मात्र पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त हिंदी-इंग्रजीत असते. ‘आपलं मराठी माध्यम’ म्हणून इंग्रजी वाचणंच सोडलेल्यांना हे फार उशिरा कळतं.

६. प्लॅन बी ठेवला की मन लागत नाही.
राज्यसेवेला खुल्या गटात अडतिसाव्या वर्षापर्यंत बसता येतं. ही सवलतच काहींना गिळते. गट-ब, गट-कच्या संयुक्त परीक्षेचा बराच अभ्यासक्रम हाच आहे, तिचा अर्ज भरायला लाजू नका. नोकरीत राहून राज्यसेवा दिली तर बिघडत काही नाही. पगाराच्या तारखेला घरी फोन करताना आवाज तेवढा मोकळा निघतो.