पोटाची मालिश : पाच मिनिटांचा पाठ

परीक्षेच्या दिवशी "मॅडम, पोट दुखतंय" हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. ते दरवेळी बहाणा नसतं. मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली आहेत, म्हणून ताण आला की पोटही बिघडतं. त्यात नागपूरचं ऊन आणि पाणी कमी पिणं, मग शौचाला कडक होणारच.

कृती : जेवणानंतर दोन तासांनी पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. मोठं आतडं उजवीकडून वर, बरगड्यांखालून आडवं आणि डावीकडून खाली जातं. तळहातही त्याच वाटेने हलक्या दाबाने ५ मिनिटे फिरवा. श्वास संथ ठेवा.

माहीत आहे का? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. पोटाचे स्नायू फिरवणाऱ्या नौली क्रियेचा त्यांनी प्रयोग करून अभ्यास केला.

सावधान : "बेंबी सरकली" म्हणून लेकराचं पोट चोळायची आपल्याकडे सवय आहे. पण उजवीकडे खाली दुखत असेल, सोबत ताप किंवा उलटी असेल, तर अपेंडिक्स असू शकतं. तेव्हा हात लावू नका, लगेच डॉक्टर गाठा. गरोदरपण, हर्निया किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तरी मालिश नको.

आधी विचारा, "नेमकं कुठे दुखतंय?" मगच हात फिरवा.