समजूत आणि पुरावा : महिला सरपंचांच्या निमित्ताने

सार्वजनिक निर्णय घेताना ‘हे तर उघडच आहे’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. व्यवहारज्ञानाचे मोल मोठे आहे. तथापि व्यवहारज्ञान कोठे संपते आणि रूढ समजूत कोठे सुरू होते, हे पुराव्यावाचून कळत नाही. पंचायत राज्याच्या इतिहासातील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अंमलात आली. पंचायतींतील किमान एक-तृतीयांश जागा व अध्यक्षपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. ‘सही बाईची, कारभार पतीचा; गावाच्या कामात फरक पडणार नाही’, असे मत तेव्हा सर्रास ऐकू येई. ते तर्कसंगतही वाटे.

राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी हे मत तपासून पाहिले. पश्चिम बंगालमधील बीरभूम व राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांतील २६५ पंचायतींचा त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या पंचायती राखीव ठरतील, हे कोणाच्या पसंतीवर अवलंबून नव्हते. त्यामुळे राखीव व बिनराखीव पंचायती मुळात सारख्याच होत्या आणि पुढे दिसलेला फरक आरक्षणामुळेच पडला, असे म्हणता आले.

दोन्ही जिल्ह्यांत स्त्रियांची मोठी तक्रार पिण्याच्या पाण्याची होती. महिला अध्यक्ष असलेल्या पंचायतींत पाण्याची कामे अधिक झाली. रस्त्यांची मागणी मात्र बीरभूममध्ये स्त्रियांची, तर उदयपूरमध्ये पुरुषांची अधिक होती. त्यानुसार राखीव पंचायतींत रस्त्यांकडे बीरभूममध्ये अधिक आणि उदयपूरमध्ये कमी लक्ष दिले गेले. म्हणजे ‘फरक पडणार नाही’ ही समजूत चुकीची ठरली.

पुराव्यालाही मर्यादा असतात. हा अभ्यास दोन जिल्ह्यांचा आहे. पतीचा हस्तक्षेप कोठेच होत नाही, असे तो म्हणत नाही. शिवाय पाणी आधी की रस्ता आधी, हे आकडे ठरवीत नाहीत; ते ग्रामसभेनेच ठरवावयाचे असते.

यास्तव कोणताही प्रस्ताव पुढे आला असता तीन प्रश्न विचारावेत : हे आपणांस कशावरून कळले? तुलना कोणाशी केली? कोणती माहिती मिळाल्यास आपण मत बदलू? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आपण समजुतीवर निर्णय घेत आहोत, असे जाणावे.