क्षयरुग्णाचा पूरक आहार : मात्रा, मुदत आणि कुटुंब

क्षयरोगाच्या उपचारात औषधाइतकेच अन्नालाही महत्त्व आहे. ताप व खोकला यांमुळे शरीराची ऊर्जा अधिक खर्च होते. भूक मात्र मंदावते. स्नायू झिजतात आणि रोगप्रतिकारशक्ती उणावते. ही हानी भरून निघावी या हेतूने केंद्र शासनाने निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून रुग्णास दरमहा ५०० रुपये देण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. कृश रुग्णांना उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत भरपूर ऊर्जा देणारा विशेष पूरक आहार देण्याचा निर्णयही त्याच वर्षी जाहीर झाला.

कृश कोणास म्हणावे?

खारदांडा ही मुंबई उपनगरातील समुद्रकाठची जुनी कोळी वस्ती. तेथील एक रुग्ण उदाहरणादाखल कल्पू या. उंची १६० सेंटिमीटर, वजन ४५ किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने, म्हणजे २.५६ ने, भागले असता १७.६ हा शरीरभार निर्देशांक येतो. तो १८.५ पेक्षा कमी असल्याने हा रुग्ण कृश ठरतो व पूरक आहारास पात्र होतो.

वैद्यकीय दक्षता

पूरक आहार हा जेवणाचा पर्याय नव्हे. तो दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, थोडाथोडा घ्यावा. जेवणाआधी घेतल्यास भूक मरते. भात, डाळ, अंडी, तसेच कोळी घरातील जवळा व सुके बोंबील यांतून मिळणारी प्रथिने चालूच राहिली पाहिजेत. मधुमेह अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी पूरक आहाराची निवड डॉक्टरांनीच करावी. अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या अतिकृश रुग्णास एकदम भरपूर आहार देणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घटून हृदयावर परिणाम होऊ शकतो. अशा रुग्णाचा आहार रुग्णालयाच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा.

पुडा कोणाच्या पोटात जातो?

खरी अडचण घरात येते. समोर मुले भुकेली असताना आई आपल्या वाट्याचा पुडा एकटी खाईल, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. तिला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने या बाबतीत मोलाचे मार्गदर्शन केले आहे. क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांनाही धान्य, डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्ये पुरविल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. पहिल्या दोन महिन्यांत रुग्णाचे वजन ५ टक्के वाढल्यास मृत्यूचा धोका बराच कमी असतो, असेही त्यात दिसून आले. आपल्या उदाहरणातील रुग्णाच्या बाबतीत ही वाढ जेमतेम सव्वादोन किलो भरते. कुटुंबाचे ताट भरलेले असेल, तरच रुग्णाचा पुडा रुग्णाला मिळेल.

आपण काय करावे?

सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानात व्यक्ती व संस्था ‘निक्षय मित्र’ होऊन शिधा देऊ शकतात. पंचायत सदस्यांनी असे दाते मिळवावेत आणि केवळ रुग्णाचा नव्हे, तर सर्व कुटुंबाचा शिधा मागावा. शिक्षकांनी रुग्णाच्या घरातील मुलांच्या वजनाकडे लक्ष द्यावे व दीर्घ खोकला किंवा ताप आढळल्यास तपासणीस पाठवावे. अधिकाऱ्यांनी रुग्णाच्या बँक खात्यात रक्कम वेळेवर जमा होते की नाही, हे पाहावे. वजनाची नोंद दरमहा व्हावी. ज्याचे वजन वाढत नाही, त्याच्या घरी प्रथम चौकशीला जावे : औषध नियमित घेतले जाते काय, आणि घरात सर्वांना पुरेल इतके अन्न शिजते काय?