रस्ता आणि तळे : महामार्ग बांधणीचा एक धडा

सम्राट अशोकाने सातव्या स्तंभलेखात रस्त्यांविषयी लिहून ठेवले आहे. रस्त्याच्या कडेला आपण वड लावले, आमराया केल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खोदविल्या आणि हे सर्व माणसांच्या व जनावरांच्या सुखासाठी केले, असे तो सांगतो. रस्ता आणि रस्त्यालगतचे जीव यांचा विचार त्याने एकत्र केला. चौपदरी, सहापदरी महामार्गांच्या आजच्या काळात हा विचार कसा आचरणात आणता येईल, हे विद्यार्थी मित्रांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रस्ता म्हणजे केवळ वरचे डांबर नव्हे. त्याखाली खडीचे थर असतात आणि सर्वांत खाली माती-मुरमाचा भराव. हिशेब करून पाहू. भराव २० मीटर रुंद व १ मीटर उंच धरला, तर एका किलोमीटरला २० हजार घनमीटर माल लागतो. एरवी हा माल जवळची टेकडी फोडून किंवा शेतजमीन खरवडून आणतात. रस्ता होतो, टेकडी जाते आणि मागे खदान उरते.

बुलढाणा जिल्ह्यात २०१७-१८ च्या सुमारास वेगळी वाट काढण्यात आली. महामार्गाला लागणारा मुरूम तळी, नाले व नद्या खोल करून घ्यावयाचा, अशी ही योजना. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तिचा पुरस्कार केला आणि ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली. वरचाच हिशेब पुढे नेऊ. २० हजार घनमीटर खोदाई म्हणजे २ कोटी लिटर पाण्याला जागा. रस्त्याला माल मिळतो आणि तळे खोल करण्याचा वेगळा खर्च गावावर पडत नाही.

आम्ही बँकेत नोकरी करतो. विहिरीसाठी कर्ज घेतलेला शेतकरी हप्ता थकल्यावर टेबलासमोर मान खाली घालून उभा राहतो. विहीर खणली, पण पाणी लागले नाही, एवढेच तो सांगतो. वहीत ती थकबाकी असते. तिचे मूळ मात्र शिवारात पाणी न मुरण्यात असते. म्हणून तळ्याचा हा हिशेब आम्हांस मोलाचा वाटतो.

मात्र या कामाची पथ्ये आहेत :

(१) तळ्यातला काळा गाळ भरावात घालू नये. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि रस्त्याला भेगा पडतात. गाळ शेताला द्यावा, खालचा मुरूम रस्त्याला.

(२) तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशी खोदू नये, बांध खचतो. काठ उतरते ठेवावेत, नाहीतर गुरे व मुले बुडण्याची भीती असते.

(३) नदीची वाळू उपसू नये. वाळू पाणी धरून ठेवते.

टेकडी वाचविण्याचा आणखी एक मार्ग आहे. कोराडी, चंद्रपूर येथील वीज केंद्रांत कोळशाची राख निघते. तीही भरावात वापरता येते. फक्त ती वाऱ्या-पावसाने वाहून जाऊ नये म्हणून मातीच्या थराने झाकावी लागते.

आणि जनावरांचे काय? नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तेथे महाराष्ट्राच्या भागात वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी ९ मार्ग ठेवण्यात आले. २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह १८ जातींचे प्राणी त्यांतून ये-जा करताना दिसले.

बंधु-भगिनींनो, आपल्या गावाजवळून रस्ता जाणार असेल, तर ग्रामसभेत पहिला प्रश्न विचारा : मुरूम कोठून आणणार? आपले तळे खोल करून हवे असेल, तर तसा ठराव करून संबंधित कार्यालयात द्या आणि पोच घ्या. हे काम सुरू होण्याआधी झाले पाहिजे. टेकडी एकदा फोडली की पुन्हा उभी राहत नाही.